माझ्या मागे या

१

माझ्या पिकअपच्या मागच्या बाजूला एक मोठी पिवळी पाटी आहे. तिच्यावर काळ्या अक्षरांत लिहिलंय, 'माझ्या मागे या'. लोक येतात. दिवसभर माझं एवढंच काम.

आमचा सत्तर नंबरचा जुना हायवे आता इंटरस्टेट होतोय. रस्ता तोच आहे, पण त्याला रुंद करायचं, कडा भरायच्या, पूल उभारायचे आणि त्याच्यावर उघडणारी सगळी तोंडं बंद करायची. इंटरस्टेटला मधूनच कुणी येऊन मिळत नाही. शेतांचे रस्ते, घरांचे रस्ते, चर्चचा फाटा, एकेक करून बुजवत चाललेत. तोवर एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडतात.

पश्चिमेच्या टोकाला डेल्फीन पाटी धरून उभी असते, पूर्वेच्या टोकाला कूपर. डेल्फीनने अडवलेल्या रांगेच्या पुढे मी गाडी लावते. तिने पाटी फिरवली की मी निघते आणि रांग माझ्यामागे. खडीवरून, रोलरच्या कडेने, अगदी सावकाश. शेवटची गाडी सुटली की डेल्फीन वॉकीटॉकीवर सांगते, "शेवटी लाल ट्रक, मिस वर्नेल." कूपरसमोरून लाल ट्रक गेला की त्याला कळतं, रस्ता मोकळा झाला. मग मी तिथल्या खडीच्या मैदानात गाडी वळवते आणि त्याच्याकडची रांग घेऊन परत येते. काम सोपं आहे. फक्त कंटाळायचं नाही आणि आरसा सोडायचा नाही.

शेजारच्या सीटवर लेलँड बसतो. माझा धाकटा भाऊ. जन्मभर त्याने डुकरांच्या खाद्याचा ट्रक चालवला. मार्चमध्ये त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर एकदा तो न्हाणीघरात पडला आणि मी कामावर होते. शेजारच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं म्हणून वाचला. डॉक्टर म्हणाले, याला एकटं ठेवू नका. तेव्हापासून मी त्याला बरोबर आणते. कंपनीच्या नियमात हे बसत नाही, पण आमचे फोरमन मिस्टर हार्डी माझ्या गाडीजवळून जाताना नेमके दुसरीकडे बघतात. आईवडील गेले, माझा नवरा गेला, लेलँडची बायको त्याला सोडून डोंगरांकडे राहायला गेली. माझं म्हणावं असं एवढंच एक माणूस उरलंय.

"सिस," तो म्हणतो, "तू एवढी सावकाश चालवतेस की मागच्यांची पोरं गाडीतच मोठी होतील."

"बेल्ट लाव."

"लावलाय. पडलो तर पुढे पडेन, एवढा वेग तरी आहे का?"

२

कामाच्या हद्दीत धूळ असते म्हणून दिवसाही दिवे लावायला सांगितलेलं आहे. त्यामुळे माझी रांग लांबून कशी दिसते, ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला. भर उन्हात दिवे लावलेल्या गाड्या एकामागे एक चाललेल्या, कुणी कुणाला ओलांडत नाही, आणि सगळ्यांत पुढे एक हळू चालणारी गाडी. आमच्याकडे याचा अर्थ एकच. कुणाला तरी पुरायला नेतायत. अशी रांग दिसली की समोरचा माणूस गाडी कडेला घेऊन थांबतो. मेलेला ओळखीचा असो नसो. पुरुष टोपी काढतात. आणि अशा रांगेत कुणी मधे घुसत नाही. आईने आम्हाला चालायच्या आधी हे शिकवलं असेल.

पहिल्याच आठवड्यात रताळ्याच्या शेतात एका म्हाताऱ्याने ट्रॅक्टर थांबवला आणि टोपी काढून छातीशी धरली. लेलँडला इतकं हसू आलं की तो छातीच्या टाक्यांवर उशी दाबून बसला.

"सिस, हात तरी कर त्यांना. बिचारे माझ्यासाठी उभे आहेत."

"तोंड आवर."

मी हात केला. म्हातारा गोंधळला. पुढे हे रोजचंच झालं आणि मीही हसायला शिकले.

मग एका मंगळवारी डेल्फीन म्हणाली, "शेवटी ब्रेडची पांढरी व्हॅन." मी आरशात पाहिलं. व्हॅनच्या मागे अजून एक गाडी होती. गडद निळी, लांबलचक, जुन्या धाटणीची. चर्चच्या फाट्यावरून मधेच आली असेल, असं मला वाटलं. तो फाटा अजून उघडा होता, तिथून लोक यायचेच. पण पूर्वेच्या टोकाला सगळ्या गाड्या सरळ निघून गेल्या, ब्रेडची व्हॅनही गेली, आणि ती निळी गाडी माझ्यामागे मैदानात वळली. मी थांबले तशी तीही थांबली.

मी उतरून गेले. काच खाली होतीच. चालवणारा म्हातारा होता, काळ्या सुटातला, टोपी मांडीवर ठेवलेली. मागे दोन बायका, चर्चमध्ये घालतात तसल्या हॅट घातलेल्या. आतून खळ घातलेल्या कपड्यांचा आणि फुलांच्या दुकानातल्या गारव्याचा वास आला.

"तुमचं होऊ द्या, मॅम," तो अदबीने म्हणाला. "आम्ही थांबतो. आम्हाला घाई नाही."

"अहो, तुमचा गैरसमज झालाय. हे मयत नाही. रस्त्याचं काम चाललंय. माझ्या पाटीवर लिहिलंय ना, माझ्या मागे या, ते फक्त कामापुरतं."

"हो, मॅम. तेच वाचून आलो."

मी त्यांना हायवे दाखवला, सरळ जा म्हटलं. त्याने मान हलवली. बायकांनीही हलवली. मी कूपरची रांग घेऊन परत निघाले तेव्हा ती गाडी रांगेच्या शेवटी होती. चर्चच्या फाट्याजवळ आल्यावर तिचा वळायचा दिवा लागला. मी सरळ गेले. तिचा दिवा विझला आणि तीही सरळ आली.

"कूपर," मी वॉकीटॉकीवर विचारलं, "निळी गाडी बघितलीस?"

"व्हॅननंतर कुणीच नव्हतं, मिस वर्नेल. धुळीत काय दिसतंय म्हणा."

लेलँडने मागे वळून पाहिलं. "आहे की. म्हातारे लोक आहेत, चुकलेत. जाऊ दे."

३

दुसऱ्या दिवशी निळ्या गाडीमागे अजून एक होती, राखाडी. नंतर काळ्या. रोज नाही, आणि प्रत्येक फेरीलाही नाही. मी वाट बघायला लागले. खरं सांगायचं तर मला तेव्हा भीती वाटत नव्हती, उत्सुकता होती. इतक्या वर्षांत माझ्या मागे येणारा प्रत्येक माणूस वैतागलेला असायचा, हॉर्न वाजवायचा. हे लोक वैतागत नव्हते. मी थांबले की थांबायचे, मी निघाले की निघायचे. कुणीतरी आपल्यावर इतका भरवसा ठेवतंय याचं मला आत कुठेतरी बरं वाटत होतं. एक दिवस कामावर येताना मी शर्टाला इस्त्री केली, ती त्यांच्यासाठीच, हे मला नंतर कळलं.

रविवारी चर्चमध्ये मी विचारलं. या महिन्यात आपल्याकडे कुणाचं मयत आहे का? पाद्रीबाई म्हणाल्या, देवाच्या कृपेने नाही. आजूबाजूच्या चर्चमध्ये? त्यांनी फोन करून पाहिला. तिकडेही नाही.

"कदाचित कुठल्याशा क्लबचे लोक असतील," डेल्फीन जेवणाच्या सुट्टीत म्हणाली. "जुन्या गाड्या चालवायचा क्लब असतो. म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग काय?"

"तू बघितल्यास का त्या?"

"मी तुमची पाटी बघते आणि शेवटची गाडी बघते. मधलं बघायला मला कोण पैसे देतंय?"

तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मी ते पटवून घेतलं. पण एक गोष्ट राहून राहून मनात यायची. त्या हद्दीतून जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर चुनखडीची पांढरी धूळ बसते. माझी काच तर प्रत्येक फेरीनंतर पुसावी लागते. त्या गाड्या मात्र चकचकीत असायच्या. उन्हात त्यांच्या टपावर ढग दिसायचे. आणि खडीवरून चालताना त्यांचा चरचर आवाज यायचा नाही. एकदा मी इंजिन बंद करून, खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकलं. पूलवाल्यांचा हातोडा ऐकू आला, शेतातला पंप ऐकू आला. त्या गाड्या माझ्यामागे येऊन ओळीत उभ्या राहिल्या, पण त्यांचा काहीच आवाज नव्हता.

"काय ऐकतेस?" लेलँडने विचारलं.

"काही नाही. टायरमधून हवा जातेय का बघत होते."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी त्याचे ओठ जरा निळसर दिसले. घरी गेल्यावर पायऱ्या चढताना तो मधेच थांबला, आणि जिन्याच्या कठड्याला रंग द्यायला हवा असं ठरवत असल्यासारखा तो निरखत उभा राहिला. मला कळलं, त्याला दम लागलाय.

४

मी एकदा स्पष्टच विचारायचं ठरवलं.

मैदानात गाडी उभी करून मी निळ्या गाडीकडे गेले. या वेळी म्हाताऱ्याकडे न जाता मागच्या खिडकीशी गेले. निळी हॅट घातलेली बाई माझ्याच वयाची असेल. चेहरा ओळखीचा वाटला, पण चांगल्या माणसांचे चेहरे सगळे ओळखीचेच वाटतात.

"एक विचारू का?" मी म्हटलं. "तुम्ही कुणासाठी आलात?"

तिने माझ्या हातावर हात ठेवला. तिच्या हातात पांढरा मोजा होता. "ते घरच्यांनी सांगायचं असतं, डार्लिंग. आम्ही आधी कसं बोलणार?"

"कुणाच्या घरच्यांनी?"

तिने फक्त माझ्या खांद्यावरून पलीकडे माझ्या पिकअपकडे पाहिलं. तिच्या शेजारणीनेही पाहिलं. पुढच्या म्हाताऱ्याने मांडीवरची टोपी उचलून छातीशी धरली. मी वळले. पिकअपच्या खिडकीत लेलँड डोकं मागे टेकून झोपला होता. तोंड जरासं उघडं. धुळीने पांढरा झालेला.

मी धावत गेले आणि त्याला हलवलं.

"काय झालं?" तो दचकून म्हणाला. "पोहोचलो?"

"नाही. कुठेच नाही पोहोचलो. जागा राहा."

"बाई, तू मला मारशील असं उठवून."

त्या दुपारी मी चर्चच्या फाट्याकडे नीट पाहिलं. तो फाटा चर्चला वळसा घालून मागच्या दफनभूमीवरून जातो. आमचे आईवडील तिथे आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा राखलेली आहे, एक माझी, एक लेलँडची. वडिलांनी त्या एकदमच घेऊन ठेवल्या होत्या, रताळ्याला भाव चांगला मिळाला त्या वर्षी. फाटा आला की त्या गाड्यांचे वळायचे दिवे लागत होते, पहिल्या दिवसापासून. त्यांना कुठे जायचं होतं ते त्यांना माहीत होतं. पण रांगेत पुढच्याला ओलांडायचं नसतं. मी वळल्याशिवाय ते वळणार नव्हते.

मग सोपं होतं. वळायचं नाही. फाटा लवकरच बुजवणार होते. तो बुजला की या रस्त्यावरून कुणालाच तिकडे वळता येणार नव्हतं.

मी त्या दिवसापासून फाट्याजवळ आले की दोन्ही हातांनी चाक घट्ट धरायची.

५

फाटा बंद व्हायचा होता त्या दिवशी सकाळीच मिस्टर हार्डींचा आवाज आला.

"मिस वर्नेल, आज पुलावर तुळया चढवतोय. क्रेन रस्त्यात आडवी आहे. दुपारपर्यंत रांग चर्चच्या फाट्याने न्या, मागून वळसा घालून तंबाखूच्या कोठारापाशी परत हायवेला या."

मी वॉकीटॉकी मांडीवर ठेवून शेजारच्या लेलँडकडे पाहिलं.

"मिस वर्नेल? ऐकलंत का?"

"दुसरा रस्ता नाही का, मिस्टर हार्डी?"

"दुसरा रस्ता नदीत आहे. आजचाच दिवस. क्रेन हलली की फाट्यावर काँक्रीटचे ठोकळे बसतील, ट्रक उभाच आहे. उद्यापासून तुम्हाला कुणी तिकडे वळायला सांगणार नाही, मी शब्द देतो."

आरशात निळी गाडी दिसत होती. तिच्यामागे किती होत्या ते धुळीमुळे दिसत नव्हतं. डेल्फीनच्या पुढ्यात ब्रेडवाला, दूधवाला, शाळेची रिकामी बस अडकून पडली होती, आणि हॉर्न सुरू झाले होते. मी नाही म्हटलं असतं तर मिस्टर हार्डींनी दुसऱ्या कुणाला गाडी दिली असती, आणि लेलँडला बरोबर घेऊन फिरायची सोय संपली असती. तो पुन्हा घरी एकटा.

तेव्हा मला ते सुचलं. इतकं साधं होतं की आधी कसं सुचलं नाही याचं नवल वाटलं.

"लेलँड, उतर."

"का?"

"डेल्फीनच्या गाडीत जाऊन बस. तिच्याकडे गार हवा आहे, आणि चिकन बिस्किट आहे, मऊ पावातलं."

"मी काय सामान आहे का मधेच उतरवायला?"

"उतर म्हटलं ना."

त्याने माझा चेहरा पाहिला आणि निमूट उतरला. डेल्फीनने हात धरून त्याला आपल्या गाडीत बसवलं. "या मिस्टर लेलँड," ती म्हणाली, "तुम्हाला पाटी धरायला शिकवते. उगाच बसून पगार कोण देतंय?" तो काहीतरी बोलला, ती हसली. त्याने दार लावून घेतलेलं मी पाहिलं. मगच मी निघाले.

रिकाम्या सीटवर त्याची उशी होती. मी ती खाली पायाशी टाकली. मला काहीच शंका राहू द्यायची नव्हती.

६

फाट्याशी मी वळायचा दिवा लावला. मागे एकेक करून सगळ्यांचे लागले.

कच्चा रस्ता पाइनच्या झाडांमधून जातो. वळणावर मी बाजूच्या आरशात पाहिलं. निघताना माझ्यामागे ब्रेडची व्हॅन होती, मग बस, मग बाकीचे, आणि निळी गाडी त्या सगळ्यांच्या मागे. झाडांतून बाहेर आले तेव्हा माझ्या लगेच मागे निळी गाडी होती. तिच्यामागे राखाडी, मग काळ्या, अगदी हायवेपर्यंत काळ्याच. बस कुठे दिसेना. बस एवढी मोठी आणि पिवळी, ती दिसायला हवी होती.

वॉकीटॉकीवर डेल्फीन बोलत होती, "शेवटी दुधाचा टँकर, मिस वर्नेल." आवाज नेहमीचाच होता. तिच्या आवाजामागे लेलँडचा खोकला ऐकू आला. मला बळ आलं.

दफनभूमीच्या कुंपणापाशी मी वेग अजून कमी केला. करायचा नव्हता, पण तिथे आपोआप होतो. आत हिरवा तंबू उभारलेला होता. मयताच्या वेळी उभारतात तसा, खाली मखमली खोळ घातलेल्या खुर्च्यांची रांग. आमच्याच ओळीत. मी आईचा दगड ओळखला आणि नजर रस्त्यावर आणली.

तेवढ्यात गाडीच्या दोन्ही बाजूंना माणसं चालताना दिसली. काळे सूट, उघडी डोकी. मी चालवत होते त्याच वेगाने ते चालत होते. प्रत्येकाने एक हात पिकअपवर ठेवला होता, सपाट, जपून. पत्र्याला त्यांच्या हातांचा जरासा भार जाणवत होता. मला कळत होतं ते काय करतायत. शवपेटी नेताना असाच हात ठेवतात.

मी मनातल्या मनात म्हटलं, न्या. हवं तेवढं न्या. आत कुणी नाही. तो तिकडे डेल्फीनपाशी बिस्किट खातोय. मला हसायलाच आलं. त्यांना फसवल्याचं वाईटही वाटलं, कारण वागायला ते सभ्य होते, पण भावापुढे सभ्यपणा काय करायचा?

तंबूच्या समोर आल्यावर सगळे हात एकदम निघाले. माणसं थांबली. आणि गाडी हलकी झाली. हे दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता येत नाही. मागे भरलेली पोती उतरवल्यावर स्प्रिंग वर येते ना, तशी गाडी मागून वर आली. मागे काहीच ठेवलेलं नव्हतं. मी पुढे पाहत चालवत राहिले. तंबाखूच्या कोठारापाशी हायवेला लागले तेव्हा माझ्यामागे ब्रेडची व्हॅन होती आणि तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

दुपारी फाट्यावर काँक्रीटचे ठोकळे बसले. मी समोर उभी राहून शेवटचा ठोकळा बसेपर्यंत पाहिलं. उरलेल्या दिवसभर माझ्या रांगेत एकही निळी, राखाडी किंवा काळी गाडी नव्हती.

"खुश दिसतेस," लेलँड म्हणाला. त्याच्या गालांवर रंग आला होता.

"हो," मी म्हटलं. "तू कसा आहेस?"

"मस्त. ती डेल्फीन फार थापा मारते."

७

ते त्याच दिवशी घरी आले. ऊन अजून अंगणात होतं.

मी स्वयंपाकघरात होते. लेलँड बाहेर व्हरांड्यात बसला होता. खिडकीतून मला दिवे दिसले. एकामागे एक गाड्या अंगणात येऊन शिस्तीत उभ्या राहत होत्या, गवतावर, कुणाची वाट अडणार नाही अशा. मला वाटलं आता मी दारात जाऊन आडवी उभी राहीन. पण मी नळाशीच उभी राहिले.

बायका आधी आत आल्या. झाकलेली भांडी घेऊन. भाजलेलं हॅम, मसाला भरलेली अंडी, मक्याचं पुडिंग, मोठा पाउंड केक. त्यांनी सगळं टेबलावर मांडलं. जागा करण्यासाठी माझी साखरेची बरणी बाजूला सरकवली. माझ्या शेजारून ये-जा करताना त्या अंग चोरून जात होत्या, अडचणीच्या खुर्चीला वळसा घालतो तसं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

व्हरांड्यात पुरुष लेलँडचा हात हातात घेत होते. लेलँड गोंधळला होता, पण आईने शिकवलेलं विसरला नव्हता. "या, बसा," म्हणत होता. "अहो, एवढं कशाला आणलंत?"

निळ्या हॅटवाल्या बाईने त्याला मिठी मारली. जाळीच्या दारातून मला स्पष्ट ऐकू आलं.

"रस्त्यावर किती सांभाळून नेलं हो तिने आम्हाला," ती म्हणाली. "एकदाही चिडली नाही."

"सिस तशीच आहे," लेलँड म्हणाला.

"तशीच होती ती," बाई म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मला आधी भीती वाटायला हवी होती. ती नंतर आली, आणि आली तशी अजून गेलेली नाही. पण त्या क्षणी मी सिंकची कड धरून उभी होते आणि माझ्या छातीवरचं मार्चपासूनचं ओझं उतरत होतं. तो नव्हता. इतके दिवस त्यांनी ज्याच्यासाठी दिवे लावले तो माझा भाऊ नव्हता.

ते फार वेळ थांबले नाहीत. गेल्यावर लेलँड आत आला आणि त्याने उभ्याउभ्याच हॅमचा तुकडा तोंडात टाकला.

"चांगली माणसं आहेत. रस्ता दाखवल्याचे आभार मानायला एवढं कुणी करतं का? आणि तू बाहेर का नाही आलीस? तुझ्याबद्दलच बोलत होते."

"माझे हात ओले होते," मी म्हटलं.

आमच्याकडे दुःखाच्या घरी आलेली भांडी धुऊन परत करायची असतात. ते काम घरातल्या मागे राहिलेल्या माणसाचं. आई गेली तेव्हा मी केलं होतं. लेलँडने जन्मात कधी ताट विसळलं नव्हतं. पण सकाळी मी उठले तर तो सिंकपाशी उभा होता. बाह्या वर केलेल्या, पाठ सरळ. धुतलेली भांडी त्याने टॉवेलवर पालथी घातली होती. ओठ गुलाबी होते. शीळ घालत होता.

"ही मी नेऊन देईन," तो म्हणाला. "कुठे राहतात विचारून घेतो. आणि आज मी तुझ्याबरोबर येत नाही, सिस. मला छान वाटतंय. मी राहू शकतो एकटा."

मी पिकअपची किल्ली हातात घेऊन दारात उभी होते. त्याला नीट पाहून घेतलं, केसांपासून पायांपर्यंत.

"हो," मी म्हटलं. "आता जमेल तुला."